दोनशे डॉलरचा आकडा

आमच्या क्षेत्रात सध्या तीन प्रकारची माणसं आढळतात. कॅनडाच्या पीआरसाठी अर्ज केलेली, करणार असलेली, आणि 'आपल्याला नाही बुवा जायचं' असं दर आठवड्याला सांगणारी. चहाच्या टपरीवर या तिघांच्या गप्पा एकाच मुद्द्यावर येऊन अडतात: "फंड्स किती दाखवावे लागतात रे?"

फंड्स दाखवणं म्हणजे काय, हे ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोकरीची ऑफर हातात नसताना तुम्ही कौशल्याच्या जोरावर कॅनडात स्थायिक व्हायला अर्ज केलात, तर सुरुवातीचे काही महिने तग धरण्याइतके पैसे तुमच्याकडे आहेत हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं. त्यात खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती, कर्ज किती हे सगळं असायला हवं. पैसे उसने चालत नाहीत. बाणेरचा फ्लॅट चालत नाही, गावची जमीनही चालत नाही. २०२४ मध्ये एकट्या अर्जदारासाठी हा आकडा होता १४,६९० कॅनेडियन डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी २७,२९७.

आता प्रोग्रॅमर माणसाला असला आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा आला कुठून? आमच्यात 'मॅजिक नंबर' नावाची एक शिवी आहे. कोडमध्ये मध्येच कुणीतरी ८६४०० लिहून ठेवतो. तो दिवसाच्या सेकंदांचा आकडा आहे हे कळलं तर ठीक. पण कधीकधी नुसतंच ३७ लिहिलेलं असतं, शेजारी कॉमेंट नाही, आणि लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. मग जुना इतिहास उकरून बघावं लागतं की हा आकडा कोणी, कधी आणि कशाला टाकला.

तर मंडळी, या शनिवार-रविवारी तेच उकरलं. कॅनडाच्या या आकड्याला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या भागात आपलीच माणसं उभी आहेत.

व्हँकुव्हर, १९०७

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून काही हजार माणसं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. बहुतेक शीख, त्यातले बरेच फौजेतून निवृत्त झालेले. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचं काम, जंगलतोड अशा कामांत ते लागले. चिनी आणि जपानी मजूर आधीपासून होतेच. 'हे लोक कमी पैशात काम करून आपली मजुरी पाडतात' अशी ओरड गोऱ्या कामगारांत सुरू झाली आणि ७ सप्टेंबर १९०७ ला व्हँकुव्हरमध्ये दंगल पेटली. चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला.

सरकारला येणारे आशियाई लोक थांबवायचे होते, पण प्रत्येकाची भानगड वेगळी होती. चिनी लोकांसाठी स्वतंत्र कायदा आधीच होता, त्याकडे पुढे येतोच. जपान ही ब्रिटनची मित्र सत्ता, तिला दुखवून चालणार नव्हतं. म्हणून १९०८ मध्ये जपानशी समजुतीचा करार झाला आणि जपाननेच माणसं कमी पाठवायचं कबूल केलं. राहिले भारतीय. ते तर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन! कॅनडाही त्याच साम्राज्यात. 'भारतीयांना बंदी' असं कागदावर लिहिलं असतं तर लंडनच्या सरकारची भारतात पंचाईत झाली असती.

मग बंदी हा शब्द न वापरता बंदी घालायची होती. जानेवारी १९०८ मध्ये हुकूम निघाला की येणाऱ्या माणसाने आपल्या देशातून एकाच अखंड प्रवासात, सुरुवातीलाच काढलेल्या तिकिटावर आलं पाहिजे. वरवर पाहता निरुपद्रवी अट. पण भारतातून कॅनडाला असं थेट तिकीट मिळण्याचा जो मार्ग होता तो बोट कंपनीला सांगून बंद करण्यात आला. त्याच वर्षी दुसरी अट आली. आशियातून येणाऱ्या माणसाकडे उतरताना २०० डॉलर असले पाहिजेत.

परिणाम? १९०७-०८ या आर्थिक वर्षात अडीच हजारांहून जास्त भारतीय कॅनडात उतरले होते. पुढच्या वर्षी उतरले ६. सहा हजार नव्हे, सहाशे नव्हे, सहा.

पंचवीस आणि दोनशे

१९१० मध्ये नवा इमिग्रेशन कायदा आला आणि या अटी त्याच्याखाली पुन्हा नीट मांडल्या गेल्या. त्यात इतर देशांतल्या, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या माणसांसाठीही पैशाची अट होती. मुक्कामाच्या गावापर्यंतचं तिकीट किंवा तेवढे पैसे, आणि वर २५ डॉलर. मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उतरलात तर ५० डॉलर. शेतावर किंवा घरकामाला नोकरी ठरलेली असेल, किंवा जवळच्या नातेवाइकाकडे जात असाल, तर ही अट माफ.

हे २५ आणि ५० बघा. यामागचा विचार दिसतो. हिवाळ्यात कॅनडात शेतीची कामं बंद, म्हणजे काम मिळायला वेळ लागणार, म्हणून दुप्पट. नोकरी ठरलेली असेल तर अट नाही, कारण मग उपाशी राहायचा प्रश्नच नाही. आकडा योग्य होता की नाही यावर वाद घालता येईल, पण हिशोब तरी समजतो.

आणि २०० चा हिशोब? आशियातल्या माणसाला उन्हाळ्यातही २०० आणि हिवाळ्यातही २००. पंजाबी माणसाला पोट मोठं असतं असं म्हणावं तर तेही आठपट! शिवाय ज्या आशियाई देशांशी करार आहे किंवा ज्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे, त्यांना या अटीतून वगळलं होतं. म्हणजे जपानी गेले, चिनी गेले. हुकुमात शब्द 'आशियाई' असला तरी चाळणीत उरणारे मुख्यतः आपणच.

रुपयांत काढून बघू. तेव्हा एक पौंड म्हणजे सुमारे ४ डॉलर ८७ सेंट, आणि रुपयाचा सरकारी दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये. या भावाने २०० डॉलर म्हणजे सुमारे ६१६ रुपये. बोटीचं भाडं वेगळं. घरची शेती गहाण टाकून निघालेल्या माणसाने हे पैसे नुसते दाखवायला खिशात ठेवायचे.

इथे एक फरक लक्षात घेऊ. चिनी लोकांवर होता तो सरळसरळ डोईपट्टी कर. १८८५ मध्ये ५० डॉलर, मग १०० आणि १९०३ पासून ५००. ही रक्कम त्या काळच्या मजुराच्या जवळपास दोन वर्षांच्या कमाईइतकी होती. ते पैसे सरकारजमा होत. असे सुमारे ८२ हजार लोकांकडून साधारण २.३ कोटी डॉलर गोळा झाले, आणि १९२३ मध्ये तर चिनी लोकांना जवळजवळ पूर्ण बंदीच झाली. (२००६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी याबद्दल संसदेत माफी मागितली.) भारतीयांचे २०० डॉलर सरकार घेत नव्हतं, नुसतं बघत होतं. म्हणून ते सौम्य वाटतं. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी 'द्या' आणि 'दाखवा' यात काय फरक?

कोर्टात एक शब्द

१९१३ च्या शरद ऋतूत 'पनामा मारू' नावाच्या जहाजातून पन्नासेक भारतीय व्हिक्टोरिया बंदरात आले. त्यातल्या तीसहून अधिक जणांना परत पाठवायचा हुकूम निघाला. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि मुख्य न्यायाधीश हंटर यांनी त्यांना सोडून दिलं. मुद्दा भारीच तांत्रिक होता. मूळ कायद्याने सरकारला 'वंशा'नुसार पैशाची अट बदलायचा अधिकार दिला होता, पण सरकारी हुकुमात शब्द पडला होता 'आशियाई मूळ'. आशियात जन्मलेला गोरा इंग्रजही आशियाई मुळाचा ठरू शकतो! कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा हुकूम जास्त पसरट, म्हणून रद्द.

सरकारने काय केलं? चूक दुरुस्त केली. जानेवारी १९१४ मध्ये तेच हुकूम, शब्द बदलून, पुन्हा काढले. आमच्या भाषेत, बग फिक्स केला आणि व्हर्जन दोन रिलीज केलं. फीचर तेच.

पण कोर्टातला हा विजय एव्हाना पूर्वेकडच्या बंदरांत पसरला होता. सिंगापूर-हाँगकाँगकडे धंदा असलेल्या गुरदित सिंग यांनी 'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज भाड्याने घेतलं. हाँगकाँग, शांघाय, मोजी, योकोहामा करत ते २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरला पोचलं. प्रवासी ३७६. त्यात शीख ३४०, मुसलमान २४, हिंदू १२. पूर्वी कॅनडात राहून गेलेले आणि दोन-चार इतर मिळून २४ जणांना उतरू दिलं. बाकीचे दोन महिने जहाजावर, किनारा डोळ्यांसमोर, अन्नपाण्याची मारामार.

मुन्शी सिंग नावाच्या एका प्रवाशाचा खटला नमुना म्हणून चालवायचं ठरलं. त्याला नाकारायची कारणं तीन होती. अखंड प्रवास केला नाही, तो मजूर वर्गातला, आणि जवळ २०० डॉलर नाहीत. ६ जुलैला अपील कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. या वेळी शब्दांत फट नव्हती.

आता या कहाणीतला मला सगळ्यात जास्त टोचणारा तपशील सांगतो. जहाजाच्या भाड्याचा हप्ता थकला होता. तेव्हा व्हँकुव्हरमधल्या आधीच स्थायिक झालेल्या भारतीयांनी, म्हणजे गिरणीत लाकडं कापणाऱ्या माणसांनी, आपसांत वर्गणी काढून सुमारे २२ हजार डॉलर उभे केले. काही आठवड्यांत! २०० ने भागा, ११० माणसांची अट पुरी होते. हे लोक नव्या माणसाला रस्त्यावर पडू देणार नाहीत याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? 'हा माणूस आमच्यावर भार होईल का' हा खरा प्रश्न असता, तर उत्तर बंदरावर उभं होतं. पण तो प्रश्न नव्हताच.

२३ जुलैला नौदलाच्या पहाऱ्यात जहाज परत निघालं. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर पोलीस-फौजेशी चकमक होऊन सुमारे २० प्रवासी गोळीबारात मेले. १८ मे २०१६ ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्यांच्या संसदेत या प्रकरणाबद्दल माफी मागितली. असो.

दाखवा, पण नेऊ नका

हे एकट्या कॅनडाचंच होतं असं नाही. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यात 'सरकारवर भार न होता स्वतःची काळजी घेऊ न शकणारा' माणूस परत पाठवायची तरतूद आली. बोटीच्या प्रवासी यादीत पैशाचा रकानाच होता. आधी विचारत ३० डॉलर आहेत का, १९०३ नंतर विचारू लागले ५० आहेत का, नसतील तर किती आहेत. आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचे आयुक्त विल्यम विल्यम्स यांनी नोटीस लावली की पुढच्या तिकिटाशिवाय निदान २५ डॉलर जवळ असावेत. कायद्यात असा २५ चा आकडा कुठेच नव्हता. साहेबांनी ठरवला. (प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट बदल करणारे लोक तेव्हाही होते तर!)

थोडं आपल्याकडचंही बघू. स्वातंत्र्यानंतर भारताच्या तिजोरीत परकीय चलनाची चणचण, त्यामुळे देशाबाहेर पैसे नेण्यावर कडक बंधनं. साठच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या कुठल्याही मराठी काका-मामांना विचारा, "आठ डॉलर खिशात घेऊन उतरलो" ही गोष्ट ठरलेली. त्या पिढीकडे मुंबईत किती शिल्लक आहे याला काही अर्थ नव्हता, ती बाहेर नेताच येत नव्हती. १९७३ चा 'फेरा' कायदा जाऊन जून २००० मध्ये 'फेमा' आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. मधे चढउतार होत २०१५ मध्ये ती मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. तुम्ही-आम्ही जे फंड्स 'दाखवतो' ते दाखवणं शक्य झालं ते या बदलामुळे. दाराच्या दोन्ही बाजूंना कुलूप असतं, आणि आपण नेहमी पलीकडच्याच कुलपाबद्दल बोलतो.

फॉर्म्युला

कॅनडाने १९६२ मध्ये निवडीतला वंशाचा निकष काढला आणि १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. शिक्षण, भाषा, वय, कामाचा अनुभव यांना गुण. २००२ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि त्याच्या नियमांत पैशाच्या अटीचा फॉर्म्युला लिहिला गेला. पाच लाखांहून मोठ्या शहरातल्या कुटुंबासाठी अल्प उत्पन्नाची जी वार्षिक रेषा आहे, तिची निम्मी रक्कम. म्हणजे साधारण सहा महिन्यांची बेगमी.

ती रेषा कशी काढतात तेही मजेशीर आहे. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने १९९२ च्या खर्चाच्या पाहणीवरून बघितलं की सरासरी कुटुंब अन्न, निवारा आणि कपडे यांवर उत्पन्नाच्या ४३ टक्के खर्च करतं. त्यात २० मिळवले. ज्या उत्पन्नाच्या कुटुंबाला या तीन गोष्टींवरच ६३ टक्के घालवावे लागतात, ते उत्पन्न म्हणजे रेषा. दरवर्षी महागाईप्रमाणे ती वर सरकते. वरचे १४,६९० दुप्पट करा, २९,३८० येतात. हीच ती एकट्या माणसाची रेषा.

आता यावरही आक्षेप घेता येतात. १९९२ चा खर्चाचा ढाचा अजून का? टोरांटोला जाणाऱ्याला आणि लहान गावात जाणाऱ्याला एकच आकडा का? पण हे आक्षेप आपण घेऊ शकतो, कारण हिशोब मांडलेला आहे. पंजाबचा असो, पोलंडचा असो की पुण्याचा, आकडा एकच. कॅनडात काम करायचा परवाना आणि नोकरीची ऑफर दोन्ही असतील तर अट माफ, जवळपास १९१० च्या शेतमजुरासारखी. गंमत म्हणजे आजची आपली अट २०० डॉलरच्या वंशातली नाही, त्या २५ डॉलरच्या वंशातली आहे.

म्हणजे सगळं छान झालं का? तसंही नाही. ब्रिटनचं उदाहरण घ्या. २००८ च्या सुमारास तिथे गुणांची पद्धत आली. तिथेच शिकून काम शोधणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना खात्यात ८०० पौंड दाखवावे लागत. नियम एवढाच. पण खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत जास्तीची ओळ होती. सलग तीन महिने एकही दिवस शिल्लक ८०० च्या खाली जाता कामा नये. एखाद्या दिवशी घरभाडं गेलं, शिल्लक जरा उतरली, अर्ज बाद. २०१० मध्ये 'पंकिना' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की संसदेपुढे न ठेवलेली अट पुस्तिकेतून लादता येणार नाही. सरकारने काय केलं? काही आठवड्यांत तीच अट रीतसर नियमांत घातली. हंटर साहेबांच्या निकालानंतर ९७ वर्षांनी पुन्हा तोच बग फिक्स!

आणि उलटा प्रकारही होतो. कॅनडात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासाशिवाय वर्षाच्या खर्चाचे १०,००० डॉलर दाखवावे लागत. हा आकडा २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरला आणि मग कुणी त्याला हातच लावला नाही. घरभाडी वाढत गेली, आकडा तिथेच. घरच्यांनी कर्ज काढून 'सरकार म्हणतंय एवढ्यात भागतं' म्हणून मुलं पाठवली, आणि ती मुलं तळघरात चौघं-पाचजण दाटीने राहून रात्रपाळ्या करत बसली. १ जानेवारी २०२४ पासून तो एकदम २०,६३५ झाला आणि अल्प उत्पन्नाच्या त्याच रेषेला जोडला गेला. फार मोठा आकडा जसा दार बंद करतो, तसा फार छोटा आकडा खोटं आश्वासन देतो. मधल्या वीस वर्षांत गेलेल्या मुलांना याची भरपाई कोण देणार?

तर मुद्दा असा

पैशाची अट असावी की नसावी, यावर मी तरी 'नसावी' म्हणणार नाही. नव्या देशात पहिले चार-सहा महिने बिनपगारी काढायचे म्हणजे काय, हे जाऊन आलेले मित्र सांगतात तेव्हा ती अट अर्जदाराच्याच भल्याची वाटते. पण आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. तो कशावरून काढला? सगळ्यांना सारखाच आहे का? आणि शेवटचा कधी तपासला? १९०८ चे २०० पहिल्या दोन प्रश्नांवर नापास होतात. विद्यार्थ्यांचे १०,००० तिसऱ्यावर.

आणि हे प्रश्न पलीकडच्या देशालाच विचारायचे असंही नाही. आपल्या शहरात भाड्याने घर देताना, सोसायटीत 'कोण चालेल' हे ठरवताना आपणही डिपॉझिटचा आकडा सांगतोच की. समोरचा माणूस बदलला की तो आकडा बदलतो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावं.

बाकी, ज्यांचं बँकेचं पत्र यायचं आहे त्यांना शुभेच्छा. सहा महिन्यांची सरासरी लिहिली आहे का ते काउंटर सोडण्याआधीच बघा. :)